एका पायाचा भरवसा

पनवेलच्या माणसाला पावसाळ्यात चालायला कुणी शिकवावं लागत नाही. मृगाचा पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत अंगणातल्या फरशीवर, विहिरीच्या काठावर, देवळाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि आमची चाल आपोआप बदलते. पावलं आखूड पडू लागतात. गुडघे किंचित वाकतात, पायाचे अंगठे जमीन धरून ठेवतात, हात अंगापासून जरा लांब राहतात. लहानपणी आई ओरडायची, 'जपून रे, पडशील!' पुढे बायको म्हणू लागली, 'जपून हो, पडाल!' आता मुलगी फोनवरून म्हणते, 'बाबा, जपून.' साठ वर्षांत क्रियापदाचं रूप तेवढं बदललं, उपदेश तोच राहिला.

अशा माणसानं सहासष्टाव्या वर्षी, घसरण्यासाठीच बनवलेल्या दोन लांबलचक फळ्या पायांना अडकवून बर्फावर उभं राहावं, हे आज लिहितानाही मला खरं वाटत नाही. पण फोटो आहे. फोटोत मी उभा नाही, ही गोष्ट वेगळी.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसा माझं काम मुख्यतः लोकांना 'नाही' म्हणण्याचं. तारण काय, जामीनदार कोण, धंदा बुडाला तर वसुली कशी, हे प्रश्न विचारत पस्तीस वर्षं गेली. २०१७ साली निवृत्त झालो तेव्हा सत्काराच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, 'साहेबांच्या शाखेत थकबाकी कधी वाढली नाही.' मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

मग २०१९ साली आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट पार पडलं, टाके वेळेवर निघाले. पण दादा पुन्हा धड चालले नाहीत. पाचव्या महिन्यात गेले. धिप्पाड माणूस, आयुष्यात कधी आजारी म्हणून पडला नाही, तो एका ओल्या फरशीनं नेला. दिवस झाल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे घरात तीन ठिकाणी भिंतीला दांडे बसवून घेतले आणि रबराच्या चटया आणल्या. इथवर ठीक होतं. पण त्यानंतर भीती माझ्या पायांत उतरली. दर हिवाळ्यात मित्रांबरोबर कर्नाळ्याला जायचो, त्या किल्ल्याच्या सुळक्यापर्यंत नव्हे, पण माचीपर्यंत तरी. ते बंद झालं. वडाळे तलावाच्या कडेनं फिरायला जायचो तेव्हा पाणी, बगळे, माणसं दिसेनाशी झाली; दिसायचे ते फक्त माझ्याच पुढचे चार हात. मान खाली घालून चालायची सवय लागली. एक दिवस आमची सौ. म्हणाली, 'तुमचं काही हरवलंय का रस्त्यात?'

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघं मुलीकडे गेलो. ती अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या वायव्येला मेपल ग्रोव्ह नावाच्या गावात राहते. गावात मोठं हिंदू मंदिर आहे, किराणा दुकानात कढीपत्ता मिळतो, गणपतीत मोदक होतात. उरतो तो हिवाळा. तिथले लोक हिवाळ्याशी भांडत नाहीत. आपण पावसाळ्यात वर्षासहलीला निघतो तसे ते बर्फात बाहेर पडतात. मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात, तिघंही तिथल्या एका स्की क्लबचे सभासद. क्लब म्हणजे काही उंची कारभार नव्हे. वर्गणी काढून, सभासदांनीच शिकवायचं, थर्मासमधून कोको वाटायचा, असा आपल्याकडच्या गिर्यारोहण मंडळांसारखा घरगुती मामला. 'बाबा, तुमचं नाव नवशिक्यांच्या वर्गात घातलंय,' मुलीनं जेवताना सांगितलं. सौ.च्या हातातली पोळी तव्यावर करपली.

स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हिंदी सिनेमातला गुलमर्गचा उतार आणि स्वेटर घातलेला नायक. वर पाळण्यातून जायचं आणि खाली घसरत यायचं. हे ते नव्हे. याला क्रॉस-कंट्री म्हणतात. इथे पाळणा नाही. जंगलातली वाट चढते, उतरते, वळते आणि ती सगळी स्वतःच्या हातापायांच्या जोरावर कापायची. बुटाचं फक्त टोक स्कीला अडकवलेलं असतं, टाच मोकळी. यातही दोन पंथ. जुना पंथ दोन समांतर चरांतून, चालल्यासारखा पुढे जाणारा. त्यात स्कीच्या मध्यभागी बर्फ पकडणारं मेण किंवा खवले असतात. पाय दाबला की स्की क्षणभर थांबते, पकड घेते आणि मग आपण पुढे सरकतो. नव्या पंथाला स्केटिंग म्हणतात. स्की तिरक्या ठेवून, एकदा डाव्या, एकदा उजव्या पायानं बाजूला रेटा देत, बर्फावर इंग्रजी व्ही अक्षर काढत जायचं. यात पकडीचं मेण नाहीच. सगळा तळ गुळगुळीत. घसरत असलेल्या स्कीच्या कडेवरूनच रेटा द्यायचा असतो, म्हणून स्की कधीच थांबत नाही. वेग जास्त आणि दमछाकही जास्त.

मला घातलं होतं ते नव्या पंथात. 'जुनं तुम्हाला लगेच जमेल, पण तुम्ही त्यात चालतच राहाल,' असं मुलीचं म्हणणं. आपला बाप तिला चांगला ठाऊक आहे.

नशिबानं, म्हणजे तेव्हा मला वाटलेल्या नशिबानं, त्या वर्षी बर्फच पडला नाही. मिनेसोटात लोक अजूनही त्या हिवाळ्याला हरवलेला हिवाळा म्हणतात. ऐन नाताळात पाऊस कोसळला. नाताळच्या पांढऱ्या बर्फाऐवजी खिडकीबाहेर आषाढासारख्या धारा बघून शेजारी हळहळत होते आणि मी कांदाभजी करवून घेत होतो. पण जानेवारीच्या मध्याला कडाक्याची थंडी उतरली आणि एल्म क्रीक नावाच्या तिथल्या मोठ्या उद्यानात बर्फाच्या तोफा सुरू झाल्या. या यंत्रांतून पाण्याचे बारीक तुषार हवेच्या दाबानं उडवतात. हवा पुरेशी थंड असली की जमिनीवर येईपर्यंत त्यांचा बर्फ होतो. मग रात्री एक गाडी येऊन तो पसरते, दाबते आणि त्यावर कॉर्डरॉयच्या कापडासारख्या बारीक रेघा ओढून जाते. सभोवती तपकिरी गवत, वठलेली झाडं, आणि मधून जाणारं हे पांढरं रिंगण. कुणी चुन्यानं आखून ठेवल्यासारखं. वर दिवे.

पहिल्या संध्याकाळी मी अंगावर जे जे मिळेल ते घातलं. आतून दोन बनियन, स्वेटर, त्यावर जावयाचं जाकीट, आणि सगळ्यांवर कडी म्हणून सौ.नं पनवेलहून आणलेली माकडटोपी. शिकवायला एक बाई होत्या. वय बहात्तर, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, 'घरातून निघाल्यावर पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे. नाही वाजली तर कपडे जास्त झाले.' स्वेटर उतरवला. माकडटोपी मात्र त्यांना फार आवडली. कुठे मिळते, असं विचारलं.

मग त्यांनी आम्हा सहा नवशिक्यांना गोल उभं केलं आणि पहिला धडा सांगितला, 'आता सगळ्यांनी पडा.'

मला वाटलं, उच्चार समजला नाही. पण बाकीचे पाच जण खरंच एका कुशीवर कलंडत होते. बाईंनी स्वतः पडून दाखवलं. हात मागे टेकायचा नाही, मनगट जातं. बसल्यासारखं खाली जायचं आणि बाजूला कलायचं. मग उताणं व्हायचं, हातपाय वर, उलट्या पडलेल्या झुरळासारखं. दोन्ही स्की हवेत सरळ करून एका बाजूला ठेवायच्या, कुशीवर वळायचं, गुडघ्यावर यायचं, एक पाय उभा करायचा, उठायचं. मी तसाच उभा. माझे पाय बर्फात नव्हे, २०१९ सालात रुतले होते. बाई जवळ आल्या. 'तुम्ही कधीतरी पडणारच आहात,' त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, 'ते ठरवून एकदा करून टाका, म्हणजे संध्याकाळ मोकळी होईल.'

मी पडलो. मऊ लागलं. एवढंच लागलं.

उठण्यात मात्र मी पहिला आलो, हे नम्रपणे नमूद करतो. बाकीच्यांना गुडघ्यावरून उभं राहणं जमेना. मी जन्मभर पाटावर बसून जेवलो आहे, सत्यनारायणाला तास-तास मांडी घातली आहे. जमिनीवरून उठणं हे आपल्याकडे व्यायामात मोजत नाहीत. बाईंनी सगळ्यांना माझ्याकडे बघायला सांगितलं, तेवढ्यात मी उभ्या उभ्या पुन्हा पडलो.

परतताना गाडीत मुलीनं विचारलं, 'किती वेळा पडलात?'

'अकरा.'

'मी चौदा मोजले.' थोडा वेळ ती गाडी चालवत राहिली. मग समोर बघतच म्हणाली, 'बाबा, मी सायकल अठ्ठाविसाव्या वर्षी शिकले. इथे आल्यावर. एका रिकाम्या पार्किंगमध्ये, लोकांच्या लहान लहान मुलांबरोबर. तुम्हाला कधी बोलले नाही.'

मी गप्प.

'रागावून नाही सांगत,' ती म्हणाली. 'आठवलं म्हणून.'

मलाही आठवलं. १९९६-९७ साल असेल. ती सहावीत. तिच्या वर्गातल्या तीन-चार मुली सायकलवरून शाळेत जायच्या. तिनं दिवाळीत सायकल मागितली, मग वाढदिवसाला मागितली, मग मागायची थांबली. एक्स्प्रेस-वे तेव्हा झाला नव्हता. मुंबई-पुण्याची आणि गोव्याची सगळी वाहतूक पनवेलच्या उंबऱ्यावरून जायची. रस्त्यावर ट्रकांची रांग. 'पडलीस तर?' या माझ्या प्रश्नाला सहावीतल्या मुलीकडे उत्तर नव्हतं. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की त्याच वर्षांत मी बँकेत बसून ट्रक घ्यायला कर्जं मंजूर करत होतो. दिवसा लोकांना ट्रक द्यायचे आणि संध्याकाळी त्याच ट्रकांच्या भीतीनं मुलीला सायकल नाकारायची. सत्काराच्या भाषणात याचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या आठवड्यापासून खरं शिक्षण सुरू झालं आणि माझी सगळी पुण्याई संपली. स्केटिंगचं मर्म एकच: सगळाच्या सगळा भार एका पायावर टाकायचा. नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका ओळीत आणायचे आणि त्या एका स्कीवर, फक्त एका, घसरत राहायचं. दुसरा पाय हवेत. वेग ओसरू लागला की मग दुसऱ्यावर जायचं, तेही पूर्ण. नवशिक्या हे करत नाही. तो भार दोन्ही पायांत वाटून ठेवतो. न जाणो, एक निसटला तर दुसरा असावा. आणि नेमका त्यामुळेच पडतो, कारण दोन स्की दोन दिशांना निघालेल्या असतात आणि हा मधोमध. मला ही स्थिती तत्काळ ओळखू आली. दोन जामीनदार घेतल्याशिवाय मी कधी कर्ज दिलं नव्हतं. बाई ओरडायच्या, 'निवडा! कुठला तरी एक पाय निवडा!'

शेवाळावरची आमची कोकणी चाल इथे अर्धी कामाला आली. गुडघे वाकवलेले, ते बरोबर. पावलं आखूड, ते साफ चूक. आणि मान खाली, ती सगळ्यात मोठी चूक. जिथे बघाल तिथे जाल, असा इथला नियम. स्कीच्या टोकाकडे पाहिलंत की टोकावरच कोसळता. चार वर्षं रस्त्यावर नजर रोवून चाललेल्या माणसाला दूरच्या झाडाकडे बघायला सांगणं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

सुटका झाली ती एका अनपेक्षित दिशेनं. बाईंनी एक सराव दिला होता: एक स्की काढून ठेवायची, दुसरीवर उभं राहायचं आणि मोकळ्या पायानं रेटा देत, लहान मुलं पायानं ढकलायची स्कूटर चालवतात तसं जायचं. मला दोन हातांपलीकडे जमेना. नात कडेला उभी राहून बघत होती. म्हणाली, 'आजोबा, लंगडी घाला ना!' तिच्या आईनं तिला दिवाणखान्यात शिकवलेली लंगडी. माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसलं. शाळेच्या मैदानावर उन्हात आम्ही एका पायावर वर्तुळभर गडी बाद करत फिरत होतो, तेव्हा दुसरा पाय कुठे आहे याचा विचार कोण करत होता? नजर पुढच्या गड्यावर असायची. मी माझ्यापुढे एक भिडू कल्पिला, आमच्या वर्गातला, फार चपळ होता, आणि त्याला धरायला निघालो. सात-आठ हात गेलो असेन. मग बारा. स्कीखालून एक आवाज येतो, चांगलं रेशमी कापड टरकन फाडल्यासारखा. तो आवाज मी प्रथम ऐकला. ज्यानं तो ऐकला नाही, त्याला सांगून उपयोग नाही.

एका पायावर उभं राहण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २०२२ साली ब्राझीलच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना त्यांनी कशाचाही आधार न घेता एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं आणि मग काही वर्षं त्यांची खबर ठेवली. ज्यांना उभं राहता आलं नव्हतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. एका पायावर उभं राहिलं म्हणून आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नव्हे; शरीराच्या आतल्या शिलकीचा तो एक अंदाज. तेव्हापासून मी दात घासताना एका पायावर उभा राहतो. सौ. बाहेरून आकडे मोजते. सुरुवातीला चेष्टेनं मोजायची. हल्ली स्वतःही उभी राहते, दांड्याला हात न लावता. तिचे आकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत.

थंडीचेही नखरे कळले. आपल्याला वाटतं, जितकी थंडी तितकी घसरण. तसं नाही. घसरताना बर्फाचा अगदी वरचा थर किंचित ओलसर होतो आणि त्यावरून स्की सरकते. पारा उणे वीसच्या खाली गेला की तेही होईनासं होतं. बर्फ वाळूसारखा कोरडा होतो आणि स्की ओढत न्यावी लागते. आंतरराष्ट्रीय शर्यतीसुद्धा उणे वीसखाली घेत नाहीत. एका बोचऱ्या संध्याकाळी मी एका चढावर असा अडकलो की मागून आलेली पाच-सहा वर्षांची एक मुलगी मला वळसा घालून 'तुम्ही छान करताय' असं सांगून गेली. अपमान इतका गोड असतो, हे ठाऊक नव्हतं.

मला वाटत होतं, हे तंत्र शेकडो वर्षांचं असेल. तसं नाही, ते माझ्या नोकरीच्या सुरुवातीइतकंच जुनं आहे. स्की हजारो वर्षांच्या, पण स्केटिंग कालपरवाचं. सत्तरच्या दशकात पाउली सीटोनेन हा फिनलंडचा गडी लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक स्की चरात ठेवून दुसरीनं बाजूला रेटा देत जाई. १९८० साली अमेरिकेच्या बिल कॉखनं स्वीडनमधल्या शर्यतीत ही चाल पाहिली, उचलली, घोटली आणि १९८२ साली तो विश्वचषक मालिकेत पहिला आला. मग काय, जुन्या जाणत्यांचा संताप! हे स्कीइंगच नव्हे, बंदी घाला. कुठे कुठे वाटेच्या कडेला जाळ्या लावल्या, कुणी तिरका पाय टाकू नये म्हणून. तरी १९८५ च्या जागतिक स्पर्धेत बहुतेक सगळे स्केटिंगच करताना दिसले. शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघानं बँकेसारखाच तोडगा काढला: दोन वेगळी खाती. एक पारंपरिक शैलीचं, एक मुक्त शैलीचं. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिम्पिकपासून दोन्ही चालू आहेत. या मुक्त शैलीच्या १५ किलोमीटरमध्ये आपलीही माणसं उतरली आहेत, २०१० साली व्हँकुव्हरला ताशी लुंडुप आणि २०१८ साली प्योंगचांगला जगदीश सिंग. गुलमर्गला सैन्याची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, १९४८ पासूनची. आपल्याकडे बर्फावरचं हे शिक्षण मुख्यतः जवानांच्याच वाट्याला आलं. जगदीश सिंग १०३ वा आला तेव्हा आमच्याकडच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील. आज मला त्या चार ओळींमागचे पंधरा किलोमीटर दिसतात.

मिनेसोटात हा खेळ आला तो नॉर्वेच्या स्थलांतरितांबरोबर. आपली माणसं बॅगेत पापड-लोणची नेतात, त्यांनी स्की नेल्या आणि गोष्टीही नेल्या. त्यांची एक गोष्ट १२०६ सालची. यादवी चाललेली, दोन वर्षांचा राजपुत्र हाकोन शत्रूच्या तोंडी. दोन योद्ध्यांनी त्याला घेऊन ऐन हिवाळ्यात स्कीवरून डोंगर ओलांडला. आमच्या रायगडाची हिरकणी बाळासाठी कडा उतरली; बाळासाठी डोंगराशी झुंजण्याची कथा तिकडेही आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या योद्ध्यांच्या नावानं शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये १९७३ पासून बर्कबायनर शर्यत होते. पहिल्या वर्षी ३५ जण होते, आता हजारो असतात. एरवी पन्नास किलोमीटरची ही वाट; पण त्या २०२४ च्या हिवाळ्यात बर्फाअभावी दहा किलोमीटरच्या कृत्रिम बर्फाच्या रिंगणावर फेऱ्या मारत ती पार पाडली. आणि नॉर्वेतून कॅनडात जाऊन स्थायिक झालेले हर्मन स्मिथ-योहानसेन शंभरी ओलांडल्यावरही स्की करत असत. १९८७ साली वारले तेव्हा १११ वर्षांचे होते. ही माहिती मी सौ.ला मुद्दाम दोनदा वाचून दाखवली.

फेब्रुवारीत खुद्द मिनियापोलिसला, थिओडोर वर्थ उद्यानात, विश्वचषकाची शर्यत होती. २०२० साली व्हायची ती कोविडमुळे रद्द झाली होती. चार वर्षांनी पुन्हा योग आला तर बर्फच नाही. साठवून ठेवलेल्या कृत्रिम बर्फावर काम चाललं होतं. शर्यतीच्या जेमतेम काही दिवस आधी आभाळाला दया आली आणि सगळं पांढरं झालं. १८ फेब्रुवारीच्या रविवारी आम्ही पाचही जण गेलो. वीस हजारांच्या घरात माणसं, गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवणारी. पुरुषांची दहा किलोमीटर मुक्त शैली अलास्काच्या २३ वर्षांच्या गस शूमाकरनं जिंकली. १९८३ मधल्या बिल कॉखनंतर अशी लांब पल्ल्याची विश्वचषक शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकन पुरुष. शेजारच्या एका गृहस्थांनी, ओळखदेख नसताना, मला मिठी मारली. बायकांत मिनेसोटाचीच जेसी डिगिन्स तिसरी आली, तेव्हा तर काही विचारू नका.

पण मी बघत होतो ते वेगळंच. शेवटची रेघ ओलांडली की एकूण एक स्पर्धक पडत होता. जिंकलेला, हरलेला, विसावा, पन्नासावा. रेघ ओलांडायची आणि कोसळायचं. कुशीवर, उताणं, काठ्या इतस्ततः, छाती भात्यासारखी. 'अगं बाई, याला काय झालं? बघायला जा कुणीतरी!' सौ.नं माझा दंड धरला. कुणीच जात नव्हतं. थोड्या वेळानं तो आपला आपण कुशीवर वळायचा, गुडघ्यावर यायचा, उठायचा. पुढचा येऊन त्याच जागी पडायचा. दादांची आठवण मला त्या गर्दीत का यावी? दोन दांडे, तीन चटया, पाच महिने. दादा पडले, हे आम्ही वर्षानुवर्षं असं सांगत आलो, जणू त्यांच्या हातून काही चूक घडली होती.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी आणि मुलगी, दोघंच, एल्म क्रीकला गेलो. हवा पुन्हा उबदार होऊ लागली होती. रिंगण कडेनं मऊ पडलं होतं, फार दिवस टिकणार नव्हतं. मला आता न थांबता एक फेरी जमत होती. डौल म्हणाल तर बदकाचाच, पण आवाज रेशमाचा. ती माझ्यापुढे. ती किती सुंदर करते, ते मी आधी नीट पाहिलंच नव्हतं. माझी नजर माझ्याच टोकांवर असायची. डावीकडे लांब, उजवीकडे लांब, दिव्याखालून जाताना तिची सावली पुढे यायची आणि मागे पडायची.

शेवटच्या उतारावर, वळणाशी, कुठेतरी गोठलेलं पाणी असावं. तिची स्की निसटली आणि ती आडवी झाली, चांगली दहा-बारा हात घसरत गेली. माझ्या तोंडून ओरडून गेलं, 'पडशील!'

ती पडलेलीच होती. बर्फात उताणी, हातपाय वर. आधी तिचं हसू ऐकू आलं, मग मलाही आवरेना. मी तिच्यापाशी पोचलो, कसाबसा थांबलो. हात पुढे करणार होतो, केला नाही. काठ्यांवर रेलून उभा राहिलो. तिनं स्की सरळ केल्या, कुशीवर वळली, गुडघ्यावर आली, उठली, पाठीवरचा बर्फ झटकला.

'चला बाबा,' ती म्हणाली, 'अजून एक फेरी मारू. दिवे बंद व्हायला वेळ आहे.'